जुन्या मशीनवर नवं जीसीसी आणि जीडीबी: सोर्सपासून बांधणीच्या नोंदी

व्याकरणाची फाइल वाचून तक्ते तयार करणारं एक सी टूल मी सांभाळतो. फ्लेक्स आणि बायसनवर (शब्द आणि व्याकरण ओळखणारा सी कोड निर्माण करणारी टूलं) उभं आहे, सोर्स खुला आहे. ज्या मशीनवर ते बांधलं जातं तिथे जीसीसी (कंपाइलर) ४.८.५, जीडीबी (डीबगर) ७.६ आणि जीलिबसी (सी ची मूळ लायब्ररी) २.१७ आहे. रूट परवानगी नाही, त्यामुळे पॅकेज टाकता येत नाही. म्हणून बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे) २.४३, जीसीसी १४.२ आणि जीडीबी १५.२ हे सगळं सोर्सपासून, होममधल्या एका फोल्डरात बांधायचं ठरवलं. मशीनला ४ कोर, ८ थ्रेड, ८ जीबी रॅम, रिकामी जागा ४० जीबी.

ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी नोंदी जशा लिहिल्या तशा ठेवतो. चुकलेलं काही काढलेलं नाही.

४ नोव्हेंबर

आधी काय आणि मग काय, यातच अर्धा दिवस गेला. तो गेला ते बरंच झालं.

जीडीबी १५ बांधायला सी++१७ समजणारा कंपाइलर लागतो. ४.८.५ ला ते समजत नाही. जीसीसी १४ ला मात्र सी++११ पुरतं आणि ४.८.३ पासून पुढचं कुठलंही जीसीसी त्याला चालतं. म्हणजे आपलं मशीन अगदी काठावर, पण आत. (पुढे जीसीसी १५ आलं, त्याला सी++१४ लागतं. तेव्हा ४.८.५ वरून थेट १५ वर उडी मारता येत नाही, मधे १४ ची पायरी लागते.)

बिनयुटिल्स सगळ्यात आधी. कारण जीसीसीचं कॉन्फिगर (बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) असेंब्लरला आणि लिंकरला छोटे छोटे तुकडे खायला घालून बघतं की यांना काय काय पचतं, आणि त्यावरून कंपाइलर घडवतं. जुन्या असेंब्लरवर जीसीसी बांधून नंतर नवा असेंब्लर शेजारी ठेवला तर जीसीसीला ते कळत नाही, ते पुन्हा बांधावं लागतं. नव्या बिनयुटिल्सचं बिन फोल्डर पाथमध्ये सगळ्यात पुढे लावायला विसरू नका.

बिनयुटिल्सचा बिल्ड डॉक्युमेंटेशनवर अडला: ‘मेकइन्फो सापडत नाही’. डॉक्युमेंटेशनच्या इन्फो फाइली बनवणारं टूल ते. मेकला मेकइन्फोच्या जागी ‘ट्रू’ ही कमांड दिली, म्हणजे काही न करता यशस्वी झालो असं सांगणारी. बिल्ड पुढे सरकला, बारा मिनिटांत संपला. जीप्रॉफएनजी (प्रोग्रामचा वेग मोजणारं टूल) आपल्याला नको होतं, ते कॉन्फिगरमध्येच बंद केलं.

तयार टारबॉलमध्ये (सगळा सोर्स एकत्र बांधलेली फाइल) इन्फो फाइली आधीच तयार असतात, मग मेकइन्फो हवंच कशाला झालं? हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला होता. मी थांबलो नाही.

५ नोव्हेंबर

जीसीसी. सोर्सच्या फोल्डरात बिल्ड करायचा नाही, शेजारी वेगळं रिकामं फोल्डर करून त्यातून कॉन्फिगर चालवायचं. फसलं तर ते अख्खं फोल्डर उडवायचं. ‘मेक डिस्टक्लीन’वर विसंबून राहू नका, मागे काहीतरी राहतंच.

जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या गणिताच्या तीन लायब्ररी लागतात, चौथी आयएसएल ऐच्छिक आहे. जीसीसीच्या कॉन्ट्रिब फोल्डरात ‘डाउनलोड प्रीरिक्विझिट्स’ नावाची स्क्रिप्ट आहे, ती त्या त्या आवृत्तीला साजेशा फाइली आणते, चेकसम तपासते आणि सोर्समध्ये जागेवर ठेवते. १४.२ साठी जीएमपी ६.२.१, एमपीएफआर ४.१.०, एमपीसी १.२.१, आयएसएल ०.२४. या चारांना हाताने वेगवेगळं बांधायच्या भानगडीत पडू नका.

या मशीनला बाहेरचं नेटवर्क नाही. म्हणून सगळं दुसऱ्या मशीनवर उघडलं आणि सामायिक डिस्कवरून साध्या कॉपीने आणलं. बिल्ड वीस मिनिटांनी एमपीएफआरच्या फोल्डरात फुटला: ‘अ‍ॅकलोकल तुमच्या सिस्टिमवर नाही’.

अ‍ॅकलोकल ऑटोमेकबरोबर (बिल्डच्या फाइली निर्माण करणारं टूल) येतं. टारबॉलवरून बांधणाऱ्याला ते लागायलाच नको. मग कालचं मेकइन्फो आठवलं. दोन्हीकडे एकच कारण होतं. साध्या कॉपीने फाइलींच्या वेळा जपल्या नव्हत्या, प्रत्येक फाइलीला कॉपी झाल्याची वेळ लागली होती. मेक फक्त वेळा बघतं. त्याला कॉन्फिगरपेक्षा त्याचं मूळ ‘नवं’ दिसलं, की ते इमानदारीने सगळं पुन्हा निर्माण करायला निघतं, आणि त्यासाठीची हत्यारं आपल्याकडे नसतात.

उपाय सोपा: टारबॉलच आणली आणि इथेच उघडली. टार वेळा जपतं. गिटवरून क्लोन केलं तर हाच त्रास होतो, कारण गिट वेळा साठवतच नाही. त्यासाठी जीसीसीच्या कॉन्ट्रिबमध्ये ‘जीसीसी_अपडेट’ स्क्रिप्ट आहे, तिला ‘टच’ पर्याय दिला की वेळांचा क्रम ती नीट लावून देते.

बिनयुटिल्सही पुन्हा उघडलं, मेकइन्फोची ती पळवाट काढून टाकली आणि पुन्हा बांधलं. आता ते मेकइन्फो मागत नाही. काल पाच मिनिटं थांबलो असतो तर आजचा दिवस वाचला असता.

६ नोव्हेंबर

दोन छोटे अडथळे.

पहिला, कॉन्फिगरनेच सांगितलं की ३२ बिटच्या लायब्ररी दिसत नाहीत, फक्त ६४ बिटचा कंपाइलर हवा असेल तर ‘डिसेबल-मल्टिलिब’ द्या. दिलं.

दुसरा, मेक सुरू झाल्यावर काही वेळाने: ‘लायब्ररी_पाथमध्ये चालू फोल्डर असता कामा नये’. माझ्या बॅशआरसीत (शेलची सेटिंग फाइल) लायब्ररी_पाथ या व्हेरिएबलच्या शेवटी एक कोलन लोंबकळत होता. कोलननंतर काही नसणं म्हणजे ‘चालू फोल्डर’ असा अर्थ होतो. एवढ्यासाठी बिल्ड थांबतो, आणि तो थांबतो तेच योग्य आहे, नाहीतर अर्धवट बनलेल्या लायब्ररी उचलल्या गेल्या असत्या. आता बिल्ड मी कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्येच चालवतो: पाथ, होम आणि भाषेची सेटिंग सोडून बाकी सगळं काढून.

भाषा फक्त सी आणि सी++ घेतल्या. ‘मेक -जे ८’ लावून घरी गेलो.

७ नोव्हेंबर

सकाळी लॉगच्या शेवटी ‘एरर २’ आणि वर पानभर यशस्वी दिसणाऱ्या ओळी. आठ कामं एकत्र चालतात तेव्हा एक मेलं तरी उरलेली सात हातातलं काम संपवूनच थांबतात. त्यामुळे खरी चूक शेवटी नसते, बरीच वर असते. मेक ४.० पासून प्रत्येक कामाचा आउटपुट एकत्र ठेवण्याची सोय आहे, पण इथलं मेक ३.८२. मग लॉगमध्ये तीन चांदण्या शोधल्या आणि पहिली जिथे सापडली तिथून वर वाचत गेलो.

चारशे ओळी वर: ‘इंटरनल कंपाइलर एरर: किल्ड, प्रोग्राम सीसी१प्लस’.

‘इंटरनल कंपाइलर एरर’ वाचून कंपाइलरमध्ये बग आहे असं वाटतं. पुढचा ‘किल्ड’ महत्त्वाचा. कर्नलचा लॉग बघितला, त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ आणि मारलेल्या प्रोसेसचं नाव. जीसीसीमधल्या ‘इन्सन’ने सुरू होणाऱ्या काही फाइली प्रोग्रामने निर्माण केलेल्या, प्रचंड मोठ्या असतात. त्यांतल्या तीन-चार एकदम आल्या की ८ जीबी पुरत नाही. शेवटचं लिंकिंगही तसंच जड.

‘-जे ३’ केलं. मेक होतं तिथून पुढे चालू झालं. रात्र वाया गेली एवढाच तोटा.

८ नोव्हेंबर

झालं. बिल्डचं नुसतं चालणं ३ तास ५० मिनिटं.

जीसीसी स्वतःला तीनदा बांधतं. पहिलं जुन्या कंपाइलरने, दुसरं त्या पहिल्याने, तिसरं दुसऱ्याने. मग दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या ऑब्जेक्ट फाइली ताडून बघतं. तंतोतंत जुळल्या तर ठीक. वेळ वाचवायला हे बंद करता येतं आणि बरेच जण करतात. ४.८.५ सारख्या जुन्या कंपाइलरवरून येत असाल तर करू नका. जुन्याने काही चुकीचं घडवलं असेल तर ते इथेच उघडं पडतं, नंतर आपल्या कोडमध्ये शोधत बसावं लागत नाही.

इन्स्टॉल करताना ‘इन्स्टॉल-स्ट्रिप’ वापरा, नाहीतर डीबगची माहिती धरून कंपाइलर डिस्कवर अवाढव्य जागा खातो.

सी++ मधला चार ओळींचा प्रोग्राम कंपाइल झाला, पण चालेना: ‘जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.३२ सापडत नाही’. कंपाइल करताना नवी लिबएसटीडीसी++ (सी++ ची लायब्ररी) वापरली गेली, चालताना लोडरने सिस्टिमची जुनी उचलली, आणि ती ३.४.१९ वर थांबते. एलडी_लायब्ररी_पाथ लावला की प्रोग्राम चालतो, पण मग त्या शेलमधल्या प्रत्येक प्रोग्रामला तीच लायब्ररी मिळते. तसं करू नका. लिंक करताना नव्या लिब६४ फोल्डरचा आरपाथ द्या, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायची ते त्या प्रोग्राममध्येच लिहिलं जातं. फोल्डर लिब नाही, लिब६४. मी आधी लिब दिलं आणि अर्धा तास घालवला.

१० नोव्हेंबर

शनिवार-रविवार मशीन मोकळं होतं म्हणून जीसीसीच्या चाचण्या चालवल्या. त्यासाठी चाचण्या चालवणारं डेजाग्नू लागतं, त्याला एक्स्पेक्ट, त्याला टीसीएल. तिन्ही सोर्सपासून बांधली, तासाभराचं काम. चाचण्या ‘-के’ देऊन चालवाव्यात, म्हणजे एक नापास झाली तरी मेक थांबत नाही. मोजकी नापास निघाली, आणि याच आवृत्तीचे इतरांनी पाठवलेले निकाल ताडून बघितल्यावर त्यांत काळजीचं काही दिसलं नाही.

१२ नोव्हेंबर

जीडीबी. जुनं जीडीबी नव्या कंपाइलरचे प्रोग्राम उघडतच नाही: ‘ड्वार्फची आवृत्ती ५ आहे, २, ३ किंवा ४ हवी’. जीसीसी ११ पासून डीबग माहिती ड्वार्फ ५ या स्वरूपात लिहिली जाते, आणि ७.६ त्याआधीचं. तात्पुरतं भागवायचं असेल तर कंपाइल करताना ड्वार्फ ४ मागता येतं.

जीडीबी ११ पासून जीएमपी आणि १४ पासून एमपीएफआर सक्तीचं झालं. जीसीसीच्या पोटात बांधलेली जीएमपी इथे उपयोगाची नाही, ती इन्स्टॉल होत नाही. दोन्ही वेगळी बांधली, फक्त स्टॅटिक, म्हणजे जीडीबीच्याच आत जाणारी. त्यामुळे चालताना लायब्ररी शोधण्याचा प्रश्नच उरला नाही.

पायथनने दिवस खाल्ला. सिस्टिमवर पायथन २.७, आणि जीडीबीने पायथन २ कधीच सोडलंय. पायथन ३ होतं पण त्याच्या हेडर फाइली नव्हत्या. पायथनशिवाय बांधून बघितलं. जीडीबी चालतं, पण मग सी++ चा मॅप छापला की झाडाच्या अंतर्गत गाठी दिसतात, आतली मूल्यं नाहीत. ती नीट छापणारे प्रिंटर पायथनमध्ये लिहिलेले आहेत आणि जीसीसीबरोबरच येतात. शेवटी पायथन ३ सुद्धा सोर्सपासून बांधलं आणि जीडीबी पुन्हा.

तरीही प्रिंटर लागू होईनात. जीडीबीने एक ओळ लिहिली होती, मी ती घाईत वरून सोडून दिली होती: ‘ऑटो-लोड सेफ-पाथमुळे नाकारलं’. आपल्या होममधली पायथन फाइल जीडीबी विचारल्याशिवाय चालवत नाही. जीडीबीइनिटमध्ये आपलं फोल्डर सुरक्षित म्हणून नोंदवलं आणि मॅप छापला. चाव्या आणि मूल्यं, स्वच्छ.

१४ नोव्हेंबर

आता आपलं टूल. नव्या कंपाइलरने २३ ठिकाणी नकार दिला.

जीसीसी १४ ने सी मधल्या काही जुन्या इशाऱ्यांना थेट एरर केलंय. डिक्लेरेशनशिवाय फंक्शन बोलावणं, इंटिजरचा न सांगता पॉइंटर करणं, न जुळणारे पॉइंटर एकमेकांना देणं, तिन्ही. शिवाय हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ न लिहिता ठेवलेलं एक ग्लोबल व्हेरिएबल लिंकरने नाकारलं, ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून. ते जीसीसी १० पासूनच आहे.

ग्लोबल नीट केलं. उरलेल्यांसाठी ‘-एफपर्मिसिव्ह’ दिलं, ज्याने ते एरर पुन्हा नुसते इशारे होतात. इशारे दिसलेही नाहीत, कारण मेकफाइलमध्ये ‘-डब्ल्यू’ आहे, सगळे इशारे बंद करणारा. तो मीच घातला होता, बायसनने निर्माण केलेल्या फाइलीतल्या इशाऱ्यांना कंटाळून, काही वर्षांपूर्वी.

टूल बांधलं गेलं. आपल्या चाचण्या पास. काम संपलं असं लिहून ठेवलं.

१८ नोव्हेंबर

संपलेलं नाही. टूल वापरणाऱ्या एकांनी मोठी व्याकरण फाइल पाठवली, टूल कोसळतं म्हणून. हे नवं नाही. आमच्या रीडमीमध्ये कित्येक वर्षं एक ओळ आहे: ‘फाइलीच्या सुरुवातीचा मजकूर फार मोठा असेल तर तुकडे करून द्यावेत.’ मी त्यांना तेच कळवलं. त्यांनी उलट विचारलं, फार मोठा म्हणजे किती? मला सांगता येईना.

१९ नोव्हेंबर

आकडा शोधायला बसलो. १,२०,००० बाइटचा मजकूर चालतो, १,४०,००० ला कोसळतं. मधे अर्धं अर्धं करत गेलो तर सीमा १,३१,०७२ च्या आसपास. म्हणजे १२८ केबी. आमच्या कोडमध्ये १२८ केबीचा बफर कुठेच नाही.

नव्या जीडीबीत उघडलं. कोसळतं ती ओळ साधी आहे: सुरुवातीचा मजकूर स्ट्रडपने कॉपी करायचा आणि त्याचं पहिलं अक्षर बघायचं. पॉइंटर छापला. शेवटचे तीन अंक शून्य, एक, शून्य, म्हणजे मॅलॉक (मेमरी देणारं फंक्शन) मोठ्या तुकड्याला देतं तसे. पण सुरुवातीचा अर्धा भाग नुसता एफ, आठच्या आठ. स्ट्रडपच्या आत थांबून बघितलं तर तिथून निघताना पत्ता धडधाकट होता. परत येताना वरचे ३२ बिट गेले.

मेकफाइलमध्ये स्टँडर्ड म्हणून काटेकोर सी९९ मागितलेलं आहे. स्ट्रडप त्या स्टँडर्डमध्ये नव्हतं, म्हणून स्ट्रिंगच्या हेडरने ते जाहीरच केलं नाही. डिक्लेरेशन नाही म्हटल्यावर कंपाइलरने जुन्या रिवाजाने धरलं की हे इंटिजर परत करतं. ६४ बिटचा पत्ता ३२ बिटच्या इंटिजरात कोंबला गेला, आणि पॉइंटरमध्ये परत ताणताना वर चिन्हाचा बिट पसरला.

मग लहान मजकुरावर इतकी वर्षं चाललं कसं? लहान तुकडे मॅलॉक नेहमीच्या हीपमधून देतं, आणि आपल्या प्रोग्रामची हीप पत्त्यांच्या खालच्या टोकाला, जिथे ३२ बिट पुरतात. १२८ केबीच्या वरचा तुकडा ते एममॅपने (थेट कर्नलकडून) मागवतं, तो पत्त्यांच्या अगदी वरच्या भागात मिळतो. तिथे ३२ बिट पुरत नाहीत. सीमा आमच्या कोडमध्ये नव्हतीच, मॅलॉकमध्ये होती.

ही चूक जीसीसी १४ ने १४ तारखेला फाइल आणि ओळ क्रमांकासह दाखवली होती. २३ पैकी सातवी. मी तिचं तोंड बंद केलं.

२० नोव्हेंबर

‘-एफपर्मिसिव्ह’ काढलं, ‘-डब्ल्यू’ काढलं. पॉझिक्स_सी_सोर्स या मॅक्रोला (तो दिला की हेडर स्ट्रडपसारखी फंक्शन जाहीर करतात) २००८०९ ही किंमत सगळ्या हेडरच्या आधी दिली, स्ट्रडपसकट १४ चुका एकदम मिटल्या. उरलेल्या एकेक वाचून. त्यांत आणखी एक खरी निघाली, एका फंक्शनला तीन आर्ग्युमेंट हवी होती आणि एका ठिकाणी दोनच दिली जात होती. कधी कोसळलं नाही, पण त्या जागी काय मूल्य जात होतं ते सांगता येत नाही.

बायसनच्या फाइलीतले इशारे फक्त त्या फाइलीपुरते बंद केले. दोन लाख बाइटच्या मजकुराची चाचणी जोडली.

२२ नोव्हेंबर

वर लिहिलेलं सगळं एका स्क्रिप्टमध्ये घालून सहकाऱ्याला दिलं, त्यांच्या मशीनवर, मी शेजारी न बसता. जीसीसीत फुटली. ‘किल्ड’. स्क्रिप्टमध्ये मी जितके थ्रेड तितकी कामं असं लिहिलं होतं. त्यांच्याकडे १६ थ्रेड आणि १६ जीबी. ७ तारखेचा धडा नोंदीत होता, स्क्रिप्टमध्ये नव्हता. आता कामांची संख्या रॅमवरून ठरते, दर २ जीबीला एक, आणि थ्रेडपेक्षा जास्त नाही. दुसऱ्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेली, पायथनसकट २ तास ४० मिनिटं.

२५ नोव्हेंबर

ज्यांनी आकडा विचारला होता त्यांना नवी आवृत्ती पाठवली. त्यांची फाइल अखंड चालली. रीडमीमधली ‘तुकडे करून द्यावेत’ ही ओळ आज काढली.